ज्वारीच्या रानातलं रीळ

आमच्या घरात आवाजाला कधी तोटा नव्हता. उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला अब्बांचं स्पीकरचं दुकान होतं आणि दुकानामागच्या तीन खोल्यांत आम्ही. लग्न असो, जत्रा असो, निवडणूक असो, आसपासच्या गावांत कुठंही माणसं जमायची असली की लोक अब्बांना 'स्पीकर सांगायला' यायचे. कर्णे, मशीन, वायरींची भेंडोळी, माइकचे दांडे आणि दुरुस्तीला आलेले पोट उघडे रेडिओ यांच्यातून वाट काढत आम्ही दोघं भावंडं मोठी झालो. अम्मी चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि पलीकडे अब्बा कर्णा तपासत 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' करत असायचे. अम्मी आतून म्हणायची, चार म्हणायला काय पैसे पडतात का? अब्बा आयुष्यभर तीनच्या पुढे गेले नाहीत. बाहेर कर्ण्यातून ते साऱ्या गावाला हरवलेली म्हैस, आलेली रॉकेलची गाडी, उद्याची सभा सगळं सांगत. घरात आले की मात्र दिवसाकाठी दहा-बारा शब्द. त्यातले निम्मे 'मीठ'. आता ते दुकान माझ्याकडे आहे. कर्णे गेले. पोरांना भिंतीएवढ्या पेट्या लागतात, त्या मी भाड्यानं देतो आणि कानात कापूस घालून बसतो. स्पीकरवाल्याचा पोरगा म्हातारपणी शांतता शोधतोय म्हणून माझी बायको रेहाना हसते. तिला हसू दे. तिचं खरंच आहे.

घरात आमची बोली दखनी, ते बोलणं इथं मी मराठीत सांगतोय एवढंच. पण माझी थोरली बहीण शमीम, म्हणजे आपा, माझ्याशी मराठीतच बोलायची, कारण मराठीत तिला जास्त टोमणे यायचे. शाळा मराठी, मैत्रिणी मराठी आणि गाणीही तिला मराठीतच सुचायची. हो, गाणी. दुसऱ्याची म्हणायची नव्हेत, स्वतःची. कुणीतरी दुकानात दुरुस्तीला म्हणून टाकून गेलेलं आणि पुन्हा न्यायला न आलेलं एक बुलबुलतरंग होतं. ते मांडीवर घेऊन ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायची आणि टिणटिण करत जुळवायची. पाटीत भिजवलेली डाळ, वाळत घातलेले कांदे, पलीकडे उसाच्या गाड्यांची रांग, आणि मध्ये तिचा आवाज. गोड म्हणावा असा नव्हता तो. जरा घोगरा, सर्दी होऊन गेल्यासारखा. गाण्यांत देव नाही, प्रेम नाही, चंद्र तर मुळीच नाही. नळाला पाणी येतं, त्याच्यावर गाणं:

इथंच होती, इथंच होती, घागर कुठं गेली गं,
मला तरी कुणी विचारलं, कुठं नेऊन ठेवली गं.

शेजारच्या बायका ऐकून म्हणायच्या, ह्ये काय गाणं हाय व्हय, ह्ये तर आपलंच बोलणं. आणि मग पदर तोंडाला लावून गप्प बसायच्या. मला तेव्हा त्यातलं काही कळायचं नाही. मला एवढंच कळायचं की आपा गायला बसली की भाकरीचं पीठ मळायला अम्मी मला बोलावते. त्यामुळे मराठी संगीताविषयी माझं मत लहानपणापासून कडवट होतं.

तिची रेकॉर्ड निघाली ती मिरजेला बुलबुलतरंगाच्या तारा आणायला गेल्यामुळे. तिथल्या वाद्यांच्या दुकानाचे मालक हौशी होते. तार बसवून बघ म्हणाले, तिनं बघितली, वर दोन ओळी म्हटल्या, आणि मालकांनी गिऱ्हाईक सोडून तिला सगळी गाणी म्हणायला लावली. त्यांचा सांगलीत कुणी मित्र होता, त्याच्याकडे मोठ्या रिळाचं रेकॉर्डिंगचं मशीन होतं. मे महिन्यात एका बंद शाळेच्या वर्गात बसून त्यांनी आठ गाणी भरून घेतली. अब्बा आले होते, पण मशीनला हात लावला नाही. दाराशी उभे राहिले, एकदा फक्त म्हणाले, माइक जरा खाली घ्या, पोरगी खाली बघून गाती. सोबत म्हणून मी. माझं काम खिडकीला गादी धरून उभं राहण्याचं. आवाज नको म्हणून पंखा बंद, आम्ही सगळे घामानं निथळतोय, आणि वासे-कौलांत एक चिमणी. तिला काही कुणी गप्प करू शकलं नाही. तिसऱ्या गाण्यात ती चिमणी अजून ऐकू येते.

शेवटचं गाणं आपानं तोवर घरात कधी म्हटलं नव्हतं. ते अब्बांवर होतं. 'साऱ्या गावाला ऐकू जातं, घरात मात्र बोलत न्हाई' अशी सुरुवात. पुढची ओळ मला आठवत नाही. आठवायला हवी होती, हे या प्रकरणातलं खरं दुखणं आहे. अब्बा दाराशी होते, त्यांनी ते पुरं ऐकलं. गाणं संपल्यावर ते पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत बसले. 

'मागच्या दाराची गाणी' असं नाव छापून मुंबईहून दोनशे तबकड्या आल्या. पन्नासेक खपल्या असतील, त्याही मालकांच्या ओळखीत. सिनेमाचं गाणं नाही, भक्तीचं नाही, लग्नात लावावं असंही नाही. लोकांना कळेना हे कधी लावायचं. वर्षाच्या आत मालकांनी उरलेल्या तबकड्यांचं खोकं आणि पत्र्याच्या गोल डब्यातलं मूळ रीळ आमच्याकडे पाठवून दिलं. डब्यावर आपाच्या अक्षरात आठही गाण्यांची नावं चिकटवलेली होती. इकडे जमातीतले एक बुजुर्ग अब्बांना म्हणून गेले होते, पोरीचा आवाज बाजारात मांडलास. नुसती जमातच नव्हे, पलीकडच्या आळीतले टिळा लावणारेही तेच म्हणत होते. या बाबतीत गावात चांगली एकी होती. आपाचं म्हणणं, निदान आपल्या दुकानात तरी लावा. अब्बांनी लावली नाही. एके दुपारी दोघांचं वाजलं. तिनं विचारलं, हरवलेल्या म्हशीचं नाव कर्ण्यातून घेता, पोरीचं घ्यायला लाज वाटती? दिवसाला दहा-बारा शब्द बोलणारे अब्बा तेव्हा एकदम म्हणाले, गप बस, न्हाईतर जाळून टाकीन सगळं. म्हटलं आणि स्वतःच दचकले. पण शब्द गेला. पुढे दोन महिन्यांत आपाचं लग्न झालं. दुलाभाई सांगलीला हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, सज्जन माणूस, घरी आले की सगळं घर हळदीच्या वासानं भरायचं. लग्नाला जागा हवी म्हणून तबकड्यांचं खोकं आणि रिळाचा डबा मी स्वतः दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली नेऊन ठेवला.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. बारावीला मी नापास झालो. ऑक्टोबरला परत बसलो आणि परत झालो, त्यात एक विषय वाढवून. अम्मीनं मला तिच्या वडलांकडे, म्हसवडजवळ नानांच्या रानावर पाठवलं. माणदेशातली कोरडवाहू जमीन, वर्षाला एकच पीक ज्वारीचं, ती हुरड्यात आली की पाखरांच्या धाडी पडायच्या. माझं काम माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि ओरडायचं. हा माळा म्हणजे चार मेढींवर बांधलेली फळी. पहिल्या दिवशी माझा गोफणीचा दगड नानांच्याच शेळीला लागला. दुसऱ्या दिवशी घसा बसला. नाना म्हणाले, स्पीकरवाल्याचं पोरगं असून तुझा आवाज बांधाच्या पलीकडं जात न्हाई रं.

मग शेजारच्या रानातली युक्ती दिसली. तुटक्या कॅसेटची फीत दोन काठ्यांच्या मध्ये ताणून बांधायची, मध्ये एक पीळ द्यायचा. वारं आलं की ती गुणगुणते, उन्हात चमकते, आणि पाखरं त्या आवाजाला भितात. आमच्या भागात अजून बांधतात. मला वाटलं, आपण तर फितीच्या घरचेच. पुढच्या आठवड्यात उंब्रजला गेलो तेव्हा दुकानातल्या रद्दी कॅसेटी गोळा करायला माळ्यावर चढलो. कॅसेटी पाच-सात मिळाल्या. शेजारीच तो गोल डबा. उघडला. कॅसेटच्या फितीच्या दुप्पट रुंद, जाड, तपकिरी, झगझगीत फीत, आणि केवढी लांब.

मी अडाणी होतो असं पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं आहे. रेकॉर्ड निघाली, दीडशे तबकड्या खोक्यात आहेत, आता ह्या रिळाचं काय काम? घर बांधून झालं की परांची मोडतातच की. असा मी तेव्हा विचार केला, आणि तो खोटा नाही. पण डब्यावरचं आपाचं अक्षर मी वाचलं होतं. आणि वाचून मनात असंही आलं होतं की सगळ्यांनी हिचंच कौतुक करायचं, हिच्यासाठी मिरज, हिच्यासाठी सांगली, आणि मी उन्हात दगड मारत उभा. तेवढं मनात यायला आणि डबा पिशवीत जायला एकच वेळ लागला.

दोन दिवस मी ती फीत बांधत होतो. बांधापासून बांधापर्यंत, आडवी-उभी, प्रत्येक धाग्याला पीळ. वारं सुटलं तसं सगळं रान गुणगुणायला लागलं. एकसुरी, खालच्या पट्टीत, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभं राहिल्यासारखं. पाखरं उठली ती पलीकडच्या शिवारात जाऊन बसली. नाना खूश, आजूबाजूची माणसं बघायला येऊन गेली. बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला शाबास म्हटलं. मी माळ्यावर पडून झोपा काढल्या.

पंधरा-वीस दिवसांनी अब्बा आले. अम्मीनं दिलेले लाडू आणि माझ्यासाठी रद्दी कॅसेटींचं आणखी एक पुडकं घेऊन. मी निरोप धाडला होता ना, म्हणून. बांधावर आले आणि थांबले. फीत दोन बोटांत धरली, अंगठ्यानं तिची रुंदी मोजली. मग माळ्याखाली पडलेला डबा त्यांना दिसला. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला, वरची नावं वाचली आणि तिथंच ढेकळांत बसले. मला वाटलं आता मार मिळणार. मी शेंगा सोलत उभा राहिलो, म्हणजे हात कामात दिसावेत. ते उठले आणि एका टोकापासून फीत सोडायला लागले. मी दुसऱ्या टोकानं. दिवस कलेपर्यंत आम्ही दोघं कणसांना धक्का न लावता फीत गोळा करत होतो. ती जागोजाग तुटली होती, पिळाच्या जागी तिच्यावरचा तपकिरी थर सोलून निघाला होता, चिमटीत घेतली की बोटांना गंजासारखा रंग लागायचा. अब्बांनी उंब्रजला नेऊन ती जोडून जोडून मशीनवर चढवली. कर्णा न लावता कानाला लावायचा छोटा स्पीकर घेतला. खरखर होती. नुसती खरखर. एका जागी 'घागर' एवढं स्पष्ट आलं, आणि पुन्हा खरखर.

त्यांनी विचारलं, "तुला कळत व्हतं, ह्ये काय हाय?"

मी म्हणालो, "न्हाई."

ते मान हलवून उठले. माझ्यावर विश्वास ठेवला की माझी लाज राखली, मला आजवर उमगलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या तबकड्याही गेल्या. पत्रा तापून तापून साऱ्या तळलेल्या पापडासारख्या वेड्यावाकड्या झाल्या. आणि पावसाळा संपता संपता आपा आली. तिला रेडिओवरच्या कुणीतरी विचारलं होतं, मूळ रीळ असेल तर आणा, आठवड्याला एक गाणं लावू. तिची चाल बदलली होती, एसटीतून उतरून ती दुकानापर्यंत पळतच आली. जेवायला बसलो होतो. दोडक्याची भाजी होती. तिनं अब्बांना विचारलं, डबा कुठाय? अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, तो इतका वेळ बुडवून ठेवला की ताटात विरघळला. आपा म्हणाली, माळ्यावर बघून आले, डबा न्हाई. मग तीच थांबली, आणि तिला ते दोन वर्षांपूर्वीचं भांडण आठवलेलं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"जाळलंसा?"

अब्बांनी ताटातला हात तसाच ठेवला. "व्हय," म्हणाले.

ती जेवली नाही. पुढच्या एसटीनं गेली. अम्मी रडत रस्त्यापर्यंत धावली. मी ताट उचलून ठेवलं, इतकं मात्र केलं.

दुसऱ्या दिवशी मी अब्बांना म्हणालो की मी सांगतो तिला. ते वायर गुंडाळत होते, कोपर आणि पंज्याला वळसे देत. वळसे मोजून झाल्याशिवाय बोलले नाहीत. मग आयुष्यात माझ्याशी जेवढं एका दमात बोलले नव्हते तेवढं बोलले. "ऐक. बापावर रुसली तर बाप आज हाय, उद्या न्हाई. भावावर रुसली तर तिचं म्हायेरच गेलं. मी गेल्यावर तिनं कुणाच्या दारात यायचं? तू गप ऱ्हायचंस." आणि वायर खुंटीला अडकवली.

मी गप्प राहिलो. याच्याइतकं मनापासून मी त्यांचं दुसरं काहीही ऐकलेलं नाही. कारण मला ते सोयीचं होतं.

एकवीस वर्षं आपा अब्बांशी बोलली नाही. सणाला यायची, अम्मीजवळ बसायची, मला राखीसारखा मनगटाला धागा बांधायची. ती मैत्रिणींकडून शिकलेली रीत, जमातीला ठाऊक नसलेली. अब्बांना लांबून सलाम, बस. अब्बा सांगलीला काही कामाचं निमित्त काढून जायचे, दुलाभाईंशी पावसापाण्याचं बोलायचे, चहा घ्यायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसायचे, म्हणजे तिला बाहेर येताना अवघड वाटू नये. अब्बा गेले तेव्हा ती आली, बायकांत बसली. शेवटचं तोंड बघायला चल म्हणून बोलावणं गेलं, तर उठली नाही. मी मय्यतीला खांदा दिला. वाटेत तीनदा ठरवलं की परत गेल्यावर सांगायचं. चाळिसाव्या दिवशी सांगायचं. ईदला सांगायचं. आणि अब्बांनी म्हटलं तसंच झालं. ते गेल्यावर ती माझ्या दारात येऊ लागली. चार-चार दिवस राहायची, रेहानाच्या हातचं चवीनं खायची, माझ्या पोरांना घागरीचं गाणं शिकवायची. इतकं चांगलं माहेर तिला मिळालं. मी का मोडू?

परवा-परवापर्यंत हे असंच चाललं असतं. पण पुण्याहून ओंकार नावाचा एक मुलगा आला. पंचविशीतला, केसांचा बुचडा, अंगात ढगळ शर्ट. लोक विसरून गेलेल्या जुन्या रेकॉर्डी शोधायच्या आणि पुन्हा पहिल्यासारख्याच काळ्या तबकड्यांवर काढायच्या हा त्याचा उद्योग. हल्ली तबकड्यांना पुन्हा किंमत आली आहे. ज्यांच्या बापांनी त्या भंगारात घातल्या ती पोरं आता हजार-दोन हजार देऊन त्या घेतात. आपाची रेकॉर्ड त्याला पुण्याच्या जुन्या बाजारात कुकरच्या झाकणांच्या ढिगात मिळाली होती. ती त्यानं इंटरनेटवर ऐकवली, आणि कुठून कुठून लोकांनी लिहिलं. जपानमधला कुणी एक रोज सकाळी ते चिमणीचं गाणं लावतो म्हणे. आपा हसून हसून डोळे पुसत म्हणाली, त्याच्या नळाला पाणी येतं का विचार.

सांगलीला तिच्या घरी आम्ही तिघं बसलो होतो. दुलाभाई जाऊन चार वर्षं झालीत, ती खालच्या मजल्यावर भाडेकरू ठेवून वर एकटी राहते. ओंकारनं पेटीसारखं एक छोटं यंत्र आणलं होतं, त्यावर ती तबकडी लावली. इतक्या वर्षांनी तिनं स्वतःचा विशीतला आवाज ऐकला. हात मांडीवर बुलबुलतरंगाच्या जागी ठेवून ती ऐकत होती. सात गाणी नीट झाली. आठव्याला मोठा चरा होता. 'साऱ्या गावाला ऐकू जातं, घरात मात्र, घरात मात्र, घरात मात्र...' सुई तिथंच अडकून फिरत राहिली. ओंकारनं ती बोटानं उचलली. म्हणाला, मावशी, बाकी सगळं साफ करता येतं, हे एक येत नाही. दुसरी प्रत कुठं सापडत नाही. या गाण्याचे पुढचे शब्द तुम्हाला आठवतात का? आपा म्हणाली, आठवत होते तेव्हा विसरायचं ठरवलं, ते जमलं. मग त्यानं विचारलं, मूळ टेप?

आपानं नेहमीच्या आवाजात सांगितलं, की होती, आमच्या वडलांनी जाळली. त्यानं वही काढली. त्याच्या चेहऱ्यावर दुःखही होतं आणि जरा आनंदही, अशी गोष्ट मिळाल्याचा. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं, कव्हरच्या आत छापायला: मुलीचं गाणं मान्य नसल्यामुळे वडिलांनी मूळ ध्वनिफीत जाळून टाकली. मराठीत आणि इंग्रजीत. चालेल ना, मावशी?

"छापा," आपा म्हणाली. "खरंच हाय ते."

माझ्या तोंडात तेव्हा खारी होती. आयुष्यात एकदाच खरं बोलायची वेळ आली आणि मी शर्टावर भुगा सांडत बोललो. "जाळली न्हाई. मी न्हेली. नानांच्या रानात पाखरांना बांधली."

ओंकारचं पेन थांबलं. आपा म्हणाली, सगळं सांग. मी सांगितलं. डब्यावरचं अक्षर वाचलं होतं हेही. ढेकळांत बसलेले अब्बा, मशीनवरची खरखर, दोडक्याची भाजी. शेवटी एवढंच विचारलं,

"अब्बांना ठावं हुतं?"

"व्हय."

"मी इचारलं तवा?"

"व्हय. त्येच म्हणाले गप ऱ्हा. म्हणाले, भाऊ गेला तर तिचं म्हायेर जाईल."

ती उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तो चालूच राहिला. ओंकार माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हतो, आम्ही दोघं त्या तबकडीकडे बघत होतो. आपा बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ओंकारला म्हणाली, लिहिलंय ते खोड बाळा. त्यानं खोडलं. मग माझ्याकडे वळली. रागावली असती तर मी सुटलो असतो.

"मी त्यांचं शेवटचं तोंड बघितलं न्हाई, सल्या. तू खांदा दिलास. मी बायकांत बसून ऱ्हायले. आणि तुला ठावं हुतं." मग, "म्हायेर मात्र चांगलं राखलंस हां. लय चांगलं राखलंस."

त्यानंतर सहा महिने फोन नाही. मी केला तर भाडेकरूची मुलगी उचलून सांगायची, दादी झोपल्यात. सकाळी अकराला झोपल्यात, संध्याकाळी पाचला झोपल्यात. मग एके दिवशी पुण्याहून पार्सल आलं, पाठवणाऱ्याचं नाव ओंकार. जाड पुठ्ठ्यातली नवी कोरी तबकडी, आत चार पानी पत्रक. मी चष्मा लावून दुकानात उभ्या उभ्याच वाचलं. आठव्या गाण्याखाली आपाचे शब्द होते: 'या गाण्याची मूळ फीत माझ्या धाकट्या भावानं ज्वारीवरची पाखरं हाकायला बांधली. आमच्या अब्बांनी काही जाळलं नव्हतं. गाणं जिथं अडकतं तिथं अडकू दिलं आहे.' खाली तेच इंग्रजीत. म्हणजे जपानमधला तो माणूस आता मला ओळखतो. रेहाना म्हणाली, नाव तरी घातलं न्हाई तुमचं. मी म्हणालो, 'माझ्या धाकट्या भावानं' असं हाय की. ते तीन शब्द मी त्या दिवशी किती वेळा वाचले, ते मी तिला सांगितलं नाही. अब्बांवरच्या गाण्याची मात्र पुढची ओळ कुठंच नाही. ती वाऱ्यावर गेली, आणि ती नेणारा मी आहे.

या ईदला आपा आली नाही. रेहानानं शीरखुर्मा केला, तिच्या वाटणीचा वेगळा काढून स्टीलच्या डब्यात भरला आणि माझ्यापुढे ठेवला. घरातला तो सगळ्यात जुना डबा, झाकणावर अब्बांचं नाव कोरलेलं. तो मांडीवर घेऊन मी सांगलीच्या एसटीत बसलो. जिना चढेपर्यंत दुधाचा एक ओघळ माझ्या नव्या कुडत्यावर आला होता. दार तिनंच उघडलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी डबा पुढे केला. तो तिनं घेतला, झाकणावर बोट फिरवलं आणि आत गेली.

आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतात. मी दारात उभा राहून कान देऊन होतो, आत डबा धुतल्याचा आवाज येतो का, साखरेच्या बरणीचं झाकण वाजतं का. काही वाजलं नाही. ती बाहेर आली ती मोकळ्या हातांनी.

"डबा ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.

घरी आलो तर रेहानानं पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघितलं. तिचा एक चमचा हरवला तरी ती आठवडाभर घर डोक्यावर घेते. डबा कुठाय, तिनं विचारलं.

"आणायला जावं लागंल," मी म्हणालो.

"कवा?"

"ती म्हणंल तवा."